कडता

मानवतच्या मोंढ्यात बेचाळीस वर्षं मी मापाडी होतो.
काटा थरथरायचा थांबेपर्यंत
श्वास धरून ठेवायची सवय अजून गेली नाही.
गाणं ऐकतानाही मी तसाच बसतो.

तर मुंजाजी.
भिंतीवरच्या कागदावर ‘कुमार मुंजा’,
खाली लाल अक्षरात: ‘दोन्ही आवाजांत’.
त्र्याऐंशी साली जिनिंगच्या आवारात,
सरकीच्या वासात, चार बैलगाड्या जोडून केलेल्या स्टेजवर
त्यानं एका गळ्यातून नवराबायको काढले.
उजवीकडं तोंड केलं की तो,
डावीकडं वळला की ती.
आणि ती अशी काही रुसायची
की अंबादास आडत्या तिला द्यायला दहाची नोट घेऊन उठला
आणि मुंजाजीच्या मिशीपुढं येऊन थबकला.
नोट मग त्यानं परत खिशात घातली.

माझे वडील एकतारीवर भजनं म्हणायचे.
ते म्हणाले, विजेवर चालणारं गाणं कसलं रे?
लाईट गेली की मेलं.
मी सायकल काढून सेलूला गेलो, पाथरीला गेलो,
जिथं जिथं ती रुसेल तिथं गेलो.

परवा ज्येष्ठ नागरिकांच्या हॉलात कार्यक्रम होता.
खुर्च्या साठ, माणसं एकतीस, त्यात चहावाला धरलेला.
इसाकभाई ढोलकीवर, गुडघ्याखाली उशी.
अकॉर्डियनच्या भात्याला
सायकलच्या ट्यूबचं ठिगळ,
दर चौथ्या सुराला त्यातनं एक उसासा निघायचा,
तो कुणीच लपवत नव्हतं.
पट्टी दोन सुरांनी उतरवलेली. मला कळलं.
मापाड्याला नाही कळायचं तर कुणाला?

मुंजाजी उजवीकडं वळून गायला. ठीक.
मग डावीकडं वळला.
मी श्वास धरला.

ती आली,
पण म्हातारी होऊन आली.
आवाज चिरलेला, वरचा सूर गाठताना
भिंतीला हात लावून उठणाऱ्या बाईसारखा.
माझ्या कधी मनातच आलं नव्हतं
की तो थकेल तशी तीही थकेल.
एवढी वर्षं ती त्याच्या गळ्यात राहिली,
तिथलाच धूर, तिथलीच तंबाखू,
तिथलाच जानेवारीचा कफ.
ती रुसली, पण आता त्या रुसण्यात
मान वळवण्याइतकंही बळ नव्हतं,
आणि तो समजूत काढताना ओळ विसरला
तर तिनंच ती पुढं सांगितली.

ओल्या मालाला क्विंटलमागं कडता धरायची आमच्याकडं रीत.
शेतकरी भांडायचा, आडत्या ओढायचा,
मी मधे उभा.
वयाचा कडता किती धरावा
हे मात्र कुठल्या पट्टीवर लिहिलेलं नाही.

नात ऋतिका घरी परतल्यावर विचारते, कसं झालं?
आणि उत्तर यायच्या आत
माझ्या बऱ्या कानात तिच्या वायरीचं एक टोक खुपसते.
कुणी पोरगा भराभर बोलतोय, गातोय म्हणे.
आवाजाला इस्त्री फिरवलेली, एक घडी मोडलेली नाही.
मी म्हणणार होतो, हे कसलं गाणं रे,
चार्जिंग संपली की मेलं,
आणि वडिलांचं वाक्य तोंडातच ओळखून गिळलं.
खरं सांगायचं तर खालचा ठेका मला आवडला.
तिला सांगितलं नाही.

कार्यक्रम संपल्यावर मुंजाजी माझ्याकडंच आला होता.
मिशी कलपानं काळी, घाम काळा.
मापाडी, बोला, किती भरलं?
जन्मात एकदाच मी काट्याला बोट लावलंय,
ते कुणासाठी ते सांगत नाही.
वरचा सूर हल्ली मला कुणाचाच ऐकू येत नाही, म्हटलं,
डॉक्टर म्हणतात, कानाचं आता एवढंच.
त्यामुळं तुझा राहिला काय न् लागला काय,
मला पुरा पोचला.

तो हसला.
मग डावीकडं वळला
आणि तिच्या आवाजात म्हणाला,
लबाड.